वर बर्फाचा थर, खाली फाटलेलं दूध: गॅस भरण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही निसटलं असेल तर सांगा. घणसोलीत फ्लॅट, २६० लिटरचा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीज, सात वर्षं वापरलेला. फ्रीजरच्या मागच्या भिंतीवर बर्फ चढलाय, आइस ट्रेमधलं पाणी अजून गोठतंय, पण खालच्या कप्प्यात सकाळी ठेवलेलं दूध संध्याकाळी तापवायला घेतलं की फाटतंय. मेकॅनिक आला, फ्रीजरमध्ये हात घातला, मागे जाऊन कॉम्प्रेसर चाचपला आणि ‘गॅस कमी झालाय, साडेचार हजार’ असं सांगून गेला. मित्राचं म्हणणं, बर्फ सुरीने खरवडून काढ, मग चालेल. आणि तुमच्याकडे मल्टीमीटर आहे, तर फ्रीजर घरीच दुरुस्त करता येईल का, हे तुम्हाला हवंय.

बहुधा येईल. सुरी मात्र ओट्यावरच राहू द्या. आणि साडेचार हजार अजून कुणाला देऊ नका.

फ्रीज न बघता मी ‘हेच बिघडलंय’ असं छातीठोक सांगणार नाही. तुमच्या मॉडेलमध्ये दंव वितळवणारा जुन्या पद्धतीचा डीफ्रॉस्ट टायमर आहे की इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे, कॉम्प्रेसर साधा आहे की इन्व्हर्टर, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. पण ठाणे-नवी मुंबईत फ्रीजची कामं करताना वर बर्फ आणि खाली ऊब ही तक्रार पावसाळा लागला की रोजची होते, आणि त्यात गॅसचा दोष फार थोड्या वेळा निघतो. तेव्हा ‘फ्रीजर कसा दुरुस्त करू’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी हे ठरवायचं: थंडी तयारच होत नाहीये, की तयार होतेय पण खाली पोचत नाहीये? पहिलं असेल तर काम तुमच्या हातचं नाही. दुसरं असेल तर बहुतेक वेळा काही शे रुपयांचा पार्ट आणि एक सुट्टीचा दिवस, एवढ्यात भागतं.

तुमच्या मापाच्या बहुतेक फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये थंडी एकाच जागी तयार होते. फ्रीजरची मागची प्लास्टिकची भिंत काढली की अॅल्युमिनियमची कूलिंग कॉइल दिसते, तिच्यावर पातळ पत्र्या असतात आणि वरच्या बाजूला एक छोटा पंखा. पंखा कॉइलवरून हवा ओढतो, बरीचशी फ्रीजरमध्ये सोडतो आणि उरलेली डक्टमधून खालच्या कप्प्यात ढकलतो. खालच्या कप्प्याला स्वतःची कॉइल नसते. वरून हवा आली तर गार, नाही आली तर ते नुसतं कपाट.

आता दार उघडलं की स्वयंपाकघरातली दमट हवा आत शिरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत किती पाणी असतं ते कपडे वाळत घालणाऱ्याला विचारा. ते पाणी कॉइलवर दंव होऊन बसतं, त्यात बिघाड काही नाही. म्हणून दर काही तासांनी फ्रीज स्वतःच कॉम्प्रेसर थांबवतो, कॉइलखालचा हीटर वीस-तीस मिनिटं लावतो, दंव वितळतं, पाणी खालच्या भोकातून नळीने कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. हे सगळं आपल्या नकळत चालतं. ‘फ्रॉस्ट फ्री’ म्हणजे दंव येत नाही असं नाही, आलेलं दंव फ्रीज स्वतः काढतो एवढंच. या साखळीतली एक कडी तुटली की दंव साठत जातं, त्याचा बर्फ होतो, पत्र्यांमधल्या फटी बुजतात आणि हवेची वाट बंद होते. बर्फाला लागून असलेला फ्रीजर अजून गार राहतो, आइस ट्रे गोठतो, आणि खालचा कप्पा उपाशी मरतो. तुम्ही लिहिलंय ते हेच.

गॅस कमी असता तर चित्र साधारण उलटं दिसलं असतं. आधी फ्रीजरच ढिला पडतो: आइस्क्रीम मऊ होतं, ट्रेमधलं पाणी गोठायला दिवस लावतं, भिंतीवर जाड बर्फ चढायला तेवढी थंडीच उरत नाही. शिवाय गॅस वापरून संपत नसतो. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळालाय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा त्याच वाटेने जाणार. कॉम्प्रेसरला हात लावून गॅस कळत नाही. बर्फाने वाट बुजलेल्या फ्रीजमध्येही कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो आणि चटका बसेल इतका तापतो, त्यावरून अंदाज बांधला की असा निष्कर्ष निघतो. तुमचा मेकॅनिक खोटं बोलला असं मी म्हणत नाही, त्याने भिंत उघडून बघितलं नाही एवढंच म्हणतो.

तर पहिलं काम, फ्रीज पूर्ण वितळवणं. ही दुरुस्ती नाही, तपासणी आहे. महावितरणचा शुक्रवारचा देखभालीचा शटडाऊन जाहीर झाला असेल तर तोच मुहूर्त साधा, नाहीतर रविवार. मासे, मटार, जे काही वर असेल ते शेजाऱ्यांच्या फ्रीजरमध्ये हलवा किंवा शिजवून टाका. मग प्लग बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले मी खूप पाहिलेत, तिथे बटण बंद असूनही आत करंट असतो. दोन्ही दारं उघडी, खाली जुनी चादर, आणि मागच्या ट्रेवर लक्ष. सात वर्षांच्या फ्रीजमधून तांब्याभर काय, बादलीच्या तळाला दिसेल इतकं पाणी निघू शकतं आणि ट्रे भरून वाहते.

घाई असेल तर पातेल्यात कढत पाणी घेऊन, खाली दुमडलेलं फडकं घालून ते फ्रीजरमध्ये ठेवा, दार लोटा, गार झालं की बदला. समोर टेबल फॅन लावला तरी चालतो. हेअर ड्रायर मी सुचवत नाही. ओल्या जागेत हातात चालू विजेची वस्तू नको, आणि एकाच जागी धरला तर आतलं प्लास्टिक वाकडं होतं. पाणी थेट भिंतीवर ओतूही नका, मागे पंख्याची मोटर आणि जोड असतात. समोरचा बर्फ गेला म्हणजे काम झालं असं नाही, भिंतीमागचा सगळ्यात शेवटी जातो. चोवीस तास दिलेले बरे.

सुरीबद्दल सांगायचं राहिलं. कळव्याला एका काकूंनी सुरमईची पिशवी चिकटली म्हणून कालथ्याचं टोक घातलं. फुस्स झालं, दोन सेकंदांत शांत. सिंगल डोअर फ्रीज होता, त्यात फ्रीजरचा खोकाच कॉइल असतो, अॅल्युमिनियमच्या पत्र्यातच नळी कोरलेली. चालता फ्रीज क्षणात निकामी. डबल डोअरमध्ये कॉइल भिंतीमागे असली तरी बर्फ भिंत फोडून बाहेर आलेला असेल तर टोक तिथवर पोचतं. त्यात हल्लीच्या बहुतेक फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेणारा आहे. प्रमाण थोडं, घरगुती फ्रीजमध्ये साधारण पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास, पण बंद स्वयंपाकघरात ठिणगी पडली तर भडकायला तेवढा पुरे. असं झालंच तर खिडक्या उघडा, शेगडी पेटवू नका, कुठलंही बटण दाबू नका आणि थोडा वेळ बाहेर थांबा. कुठला गॅस आणि किती ग्रॅम हे आतल्या किंवा मागच्या स्टिकरवर छापलेलं असतं. आत्ताच बघून ठेवा, शेवटी लागणार आहे.

पूर्ण वितळल्यावर आतून पुसा, प्लग लावा, रिकामाच चालू करा. पहिल्या दिवशी खालच्या कप्प्यात पाण्याचा ग्लास आणि त्यात थर्मामीटर ठेवा. ओव्हनचा नको, साधा उणे अंश दाखवणारा फ्रीजचा थर्मामीटर घ्या. दुसऱ्या दिवशी ग्लासातलं पाणी चार-पाच अंशांवर आलं आणि फ्रीजर उणे अठराच्या आसपास गेला, तर गॅस आणि कॉम्प्रेसर ठीक आहेत असं समजायला हरकत नाही. गळालेला गॅस वितळवल्याने परत येत नाही. पुढे आठवड्याभरात किंवा पंधरा दिवसांत खालचा कप्पा पुन्हा कोमट झाला, की डीफ्रॉस्टचा दोष जवळपास पक्का. पावसाळ्यात हे लवकर होतं, थंडीत उशिरा.

याला एक अपवाद आहे आणि तो नेमका फसवतो. गॅसच्या नळीत ओलावा शिरला असेल तर तो कॅपिलरीच्या, म्हणजे कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या केसासारख्या बारीक नळीच्या टोकाशी गोठतो आणि वाट बंद करतो. आम्ही त्याला मॉइश्चर चोक म्हणतो. फ्रीज बंद ठेवला की तो बर्फही वितळतो आणि फ्रीज परत चालू लागतो. पण तो काही तासांत किंवा एखाद्या दिवसात पुन्हा बसतो, आठवडाभर तग धरत नाही. आणि तेव्हा कॉइलवर जाड बर्फ नसतो, उलट ती कोरडी पडत जाते. हा आजार बहुधा त्या फ्रीजला होतो ज्यात आधी कुणीतरी व्हॅक्यूम न करता, म्हणजे नळीतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून न काढता गॅस भरलाय. तुमच्या फ्रीजचा गॅस आजवर उघडला नसेल तर ही शक्यता सोडून द्या.

आता भिंत उघडणं. प्लग काढून. आइस ट्रे, मधली जाळी, दिव्याचं झाकण काढलं की एक-दोन स्क्रू दिसतात, काही वेळा छोट्या प्लास्टिकच्या टोप्यांखाली लपलेले. स्क्रू निघाल्यावर भिंत खालून पुढे ओढायची, ती खटक्यांवर असते. जोर लावायला लागतोय म्हणजे मागे अजून बर्फ आहे. थांबा, परत पातेलं ठेवा. मागचं थर्माकोल एकदा तुटलं की हवेची वाट कायमची वाकडी होते. भिंतीला पंख्याच्या आणि सेन्सरच्या वायरी जोडलेल्या असतात, कनेक्टर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. आणि हातमोजे घाला. कॉइलच्या पत्र्या ब्लेडसारख्या लागतात.

उघडून काय बघायचं, यात माझ्या मते या कामाचं निम्मं ज्ञान आहे. वितळवण्याआधी भिंत निघाली तर नशीब, पुरावा जागेवर मिळतो: कॉइल वरपासून खालपर्यंत एकसारखी पांढरी, पत्र्या दिसतच नाहीत, पंख्याच्या पात्यापर्यंत बर्फ. हे डीफ्रॉस्ट न होण्याचं चित्र. निघाली नाही, तर वितळवून फ्रीज पुन्हा चार-पाच तास चालवा आणि मग प्लग काढून उघडा. आता तुम्हाला ताजं दंव बघायचंय. सगळ्या वळणांवर पातळ, पिठासारखं, सारखं दंव असेल तर गॅस पुरेसा आहे. पहिल्या एक-दोन वळणांवर दंव आणि पुढची कॉइल उघडी किंवा नुसती ओली असेल तर गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी अर्धवट चोक आहे. कुठेच दंव नाही आणि कॉम्प्रेसर मात्र चालतोय, तर गॅस पूर्ण गेलाय किंवा कॉम्प्रेसर दाब देत नाहीये. या शेवटच्या दोन्ही चित्रांत भिंत परत लावा आणि चांगला मेकॅनिक शोधा. कॉइलचा फोटो मात्र काढून ठेवा, त्याच्याशी बोलताना उपयोगी पडतो.

तुमचं चित्र पहिलं निघेल असं धरून पुढे जातो. डीफ्रॉस्टच्या वाटेवर तीन पार्ट ओळीने असतात: हीटर, बायमेटल आणि थर्मल फ्यूज. काही मॉडेलांत बायमेटलऐवजी सेन्सर असतो. तिन्हींतून करंट गेला तरच हीटर तापतो, म्हणून एकेक सोडवून मीटर लावायचा. जागेवर जोडलेले असताना मोजू नका, दुसऱ्या वाटेने रीडिंग येतं आणि माणूस गोंधळतो.

हीटर कॉइलखाली काचेच्या नळीत असतो किंवा कॉइललाच चिकटलेली अॅल्युमिनियमची नळी असते. मीटर २००० ओहमवर ठेवा. साधारण दीडशे वॅटचा हीटर असेल तर २३० व्होल्टच्या हिशोबाने साडेतीनशे ओहमच्या आसपास यायला हवं, दोनशे वॅटचा असेल तर अडीचशेच्या वर थोडं. अगदी तंतोतंत आकड्यासाठी अडून बसू नका. काहीच आलं नाही तर हीटर तुटलाय. काचेची नळी आतून काळवंडलेली दिसली तर मीटरचीही गरज नाही.

थर्मल फ्यूज ही पांढऱ्या प्लास्टिकमध्ये बंद केलेली चिमुकली वस्तू, त्यावर ७२ किंवा ७७ असा आकडा असतो. तेवढ्या अंशाला ती एकदाच उडते आणि परत जुळत नाही. मीटर बीपवर, म्हणजे कंटिन्युइटीच्या खुणेवर लावा, बीप दिला तर चांगली. उडाली असेल तर ती का उडाली, हे विचारायचंच. बहुतेकदा बायमेटल चिकटून बसलेला असतो, त्यामुळे हीटर बंदच झाला नाही आणि फ्यूजने आपला जीव देऊन फ्रीज वाचवला. म्हणून उडालेला फ्यूज बदलताना बायमेटलही बदला. दोन्ही एकाच वायरीवर जोडीने मिळतात, फार महाग नाहीत. आणि फ्यूज काढून वायर सरळ जोडायची, हा उद्योग कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. प्लास्टिक, थर्माकोल आणि पेटणारा गॅस यांच्या शेजारी ज्या हीटरला थांबवणारं कुणी नाही, असा हीटर घरात ठेवायचा नसतो.

बायमेटल हा चपटा गोल पार्ट, कॉइलच्या वरच्या नळीला क्लिपने अडकवलेला. घरी तपासणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. टेबलावर काढून मीटर लावला की तो उघडा दाखवतो, म्हणजे बीप येत नाही, आणि लोक ‘गेला’ म्हणून फेकून देतात. अहो, तो उघडाच असायला हवा. खोलीच्या तापमानाला बायमेटल जुळलेला दाखवत असेल, म्हणजे बीप येत असेल, तर तो खराब. त्याने थंडीत जुळायचं आणि कॉइल बऱ्यापैकी शून्याच्या वर गेली की सुटायचं, हेच त्याचं काम. तपासायचं असं: स्टीलच्या वाटीत बर्फ फोडून घ्या, मूठभर जाडं मीठ मिसळा. नुसत्या बर्फाने भागत नाही, तो शून्यावरच थांबतो. मिठाने तो उणे दहाच्या खाली उतरतो. बायमेटल छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, वायरी बाहेर, आणि वाटीत पुरून दहा मिनिटं ठेवा. मीटर बीपवर लावून धरा. चांगला असेल तर एक बारीक ‘टिक’ ऐकू येते आणि बीप सुरू होतो. बाहेर काढून मुठीत धरा, थोड्या वेळाने परत टिक आणि बीप बंद. दोन्ही टिका आल्या तर पार्ट ठणठणीत. दहा मिनिटांत पहिली टिकच आली नाही तर बदला.

नवा पार्ट घ्यायला जुना हातात घेऊन जा, त्यावरचा नंबर जुळवून घ्या. आणि जोड देताना काळी टेप गुंडाळून सोडू नका. फ्रीजरमध्ये दिवसातून कित्येकदा पाणी होतं आणि गोठतं, टेपचा गोंद महिन्याभरात सुटतो. टेपचे जोड मी उघडतो तेव्हा आत तांबं हिरवं पडलेलं असतं, वायर बोटाने ओढली तरी हातात येते. क्रिंप करा, म्हणजे टोकं धातूच्या छोट्या नळीत दाबून जोडा, वर गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवा, तोंडाला सिलिकॉन भरा, आणि जोड कॉइलपासून लांब वर बांधा म्हणजे पाणी त्यावर ठिबकत नाही.

तिन्ही पार्ट चांगले निघाले तर दोष हीटर लावणाऱ्याचा. साधा टायमर असेल तर त्याच्या टोकाला खाच असते, ती सपाट स्क्रू ड्रायव्हरने घड्याळाच्या दिशेने हळू फिरवत जा. एका जागी ठळक आवाज येईल, चालू असेल तर कॉम्प्रेसर थांबेल. थोड्या वेळाने पाणी नळीत ठिबकायला लागलं तर हीटर चालतो, पण टायमर स्वतः पुढे सरकत नाही, तो बदला. बोर्डवाला फ्रीज असेल तर बटणांच्या कुठल्यातरी जोडीने सक्तीचा डीफ्रॉस्ट लावता येतो, ती जोडी मॉडेलप्रमाणे बदलते, बऱ्याचदा मागच्या झाकणाच्या आतल्या कागदावर छापलेली असते. तिथेही हीटर लागला नाही तर बोर्ड. तिथे मात्र थांबा. इन्व्हर्टर फ्रीजच्या बोर्डवर तीनशे व्होल्टच्या वर डीसी असते आणि प्लग काढल्यावरही ती कपॅसिटरमध्ये काही वेळ तशीच राहते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला कधीही घरची लाइन थेट देऊन बघू नका, तो त्यासाठी बनलेलाच नाही.

आतापर्यंत आपण कुठे आलो: वितळवलं, दोन दिवस बघितलं, दंवाचं चित्र वाचलं, हीटरच्या वाटेवरचे पार्ट तपासले. पण यांतलं काहीच बिघडलेलं नाही असंही निघू शकतं, म्हणून बाकीची तीन कारणं पटकन.

पंखा: फ्रीज चालू असताना दार उघडून दाराचं बटण बोटाने दाबून धरा. वरून हवा आणि सूं असा आवाज यायला हवा. कॉम्प्रेसर चालू आणि पंखा गप्प असेल तर थंडी कॉइलवरच अडकते, लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखी. काही फ्रीजमध्ये पंखा कॉम्प्रेसरनंतर थोड्या उशिरा लागतो, तेवढं थांबा.

पाण्याची नळी: फ्रीजरच्या तळाला काचेसारखी बर्फाची लादी आणि खाली भाजीच्या ट्रेमध्ये पाणी साचत असेल तर भोक बुजलंय. मोठ्या सिरिंजने कोमट पाणी हळूहळू सोडत राहा, मागे ट्रेमध्ये पडल्याचा आवाज येईपर्यंत. तार खुपसू नका.

गॅस्केट, म्हणजे दाराचं रबर: दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. जिथे नोट न अडता निघते तिथून दमट हवा आत जाते. याचा बर्फ सगळीकडे सारखा नसतो, फटीच्या बाजूला जास्त असतो. कोमट साबणाच्या पाण्याने पुसून, हात फिरवून सरळ केल्यावर बऱ्याचदा ते परत बसतं. फ्रीजर ठासून भरण्याची सवयही बघा. गणपतीच्या आधी किसलेल्या नारळाच्या पिशव्या मागच्या जाळीला टेकवून रचल्या की हवेची वाट आपणच बंद करतो आणि मग मेकॅनिकला बोलावतो.

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे इकडे एक भीती सर्रास ऐकतो, की खाडीच्या हवेने गॅस गळतो. खाडीकाठी आणि नाल्यालगत एसीच्या तांब्याच्या कॉइल लवकर खराब होतात हे खरं आहे, ती हवा थेट कॉइलवरून जाते. फ्रीजच्या कॉइलचं तसं नाही, ती आत बंद असते. फ्रीजमध्ये गळती झालीच तर मागे कॉम्प्रेसरजवळच्या जोडांत किंवा फ्रीजच्या भिंतीतल्या फोममध्ये गाडलेल्या नळीत सापडते. फोममधली असेल तर सात वर्षांच्या फ्रीजवर खर्च करावा का, हा वेगळा हिशोब, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका.

समजा दंवाचं चित्र गॅसकडेच बोट दाखवत निघालं. तो भाग घरी करायचा नाही, त्याला वेल्डिंग, व्हॅक्यूम पंप आणि सराव लागतो. पण मेकॅनिकला चार गोष्टी आधी विचारा. गळती कुठे आहे ते दाखवणार का? गॅसच्या नळीतला ओलावा टिपणारा फिल्टर नवा घालणार का? गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावणार का आणि किती वेळ? आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरणार का, कारण स्टिकरवर ग्रॅममध्ये आकडा आहे आणि आर-६००ए इतका थोडा असतो की दहा-पंधरा ग्रॅमच्या फरकाने कूलिंग बिघडतं. जो मेकॅनिक ‘काटा कशाला, हाताला कळतं’ म्हणेल त्याला नको म्हणा. जो पंप आणि काटा पिशवीतून काढून ओट्याशेजारी ठेवेल, त्याच्याशी पैशांवरून फार घासाघीस करू नका.